गेंगेच्या पोटात काय असतं

शिगे,

तू होतीस तोवर तुला कधी एकेरीत हाक मारली नाही. सत्तेचाळीस वर्षं तू मला 'बाई' म्हणालीस, मी तुला 'शिगे-सान' म्हणाले आणि दोघींनी एकमेकींना अहोजाहो केलं. तुला जाऊन तेरा वर्षं झाली. मी चौऱ्याऐंशीची आहे आणि मला शिष्टाचाराचा कंटाळा आलाय. म्हणून आता तू.

कारण असं की आपल्या हामाओगी बंदराच्या मच्छीमार संस्थेला गेंगे माशावर पुस्तिका काढायची आहे. त्यातली चार पानं माझ्याकडे मागितली आहेत. दिसतो कसा, राहतो कुठे, खातो काय. सोपं काम. तीन पानं लिहून झाली आणि मीच फाडली. गेंगेबद्दल मला जे खरोखर कळलं ते तुझ्या शेजारी बसून कळलं. तुला वगळून ते लिहायचं म्हणजे लबाडी आहे. संस्थेनं छापलं तर छापलं, नाही तर नाही. वाचणारे तुला ओळखत नाहीत, तेव्हा इथून पुढे मी त्यांच्याकडे तोंड करून बोलते. तू ऐक. मध्ये बोलू नकोस.

तर गेंगे.

तोयामाचं आखात बाहेरून शांत दिसतं, पण हामाओगीच्या धक्क्यावरून निघालेली होडी जरा पुढे गेली की खालचा तळ एकदम खचतो. भातखाचरांसारख्या पायऱ्या नाहीत, थेट कडा. त्या दरीला इथले लोक निळीचा रांजण म्हणतात, कारण वरून बघितलं की पाणी तिथे अचानक गडद होतं. तीनशे मीटरच्या खाली उजेड संपतो आणि पाणी जेमतेम एक अंशावर येतं. उन्हाळा असो की बर्फ, एक अंश. गेंगे तिथे चिखलाला टेकून राहतो. हातभराहून कमी लांब, राखाडी-पांढरा, वामीसारखा, पण वामीचा दम नसलेला. पोटाखालचे पर नाहीत. पाठीचा पर शेपटीला वळसा घालून सरळ पोटाखाली येतो, झग्याच्या झालरीसारखा. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, याला तीही नाही. हाडं अशी की सुरीला कळतही नाहीत. अंगभर जाड, थरथरती चिकट साय असते. टेबलावर ठेवला तर नाक शिंकरून टाकल्यासारखा दिसतो. मी काही तरी चांगलं म्हणायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

गोड कोळंबीच्या जाळ्यात हा नको असताना येतो. कोळंबीला भाव, याला शिव्या. 'गेंगे' म्हणजे खालच्यातला खालचा, असं इथले म्हातारे सांगत. मासळी निवडायच्या टेबलावर जी बाई सगळ्यात खालची, तिच्यापुढे गेंगेची पाटी सरकवायची, अशी रीत होती. एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात ती बाई शिगे मुरोया होती. वय चौतीस. माहेर डोंगरातलं, म्हणजे बंदराच्या लेखी परकी. वर विधवा.

मी त्या वर्षी कानाझावाहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या मत्स्य संशोधन केंद्रात लागले होते. तिथे बाई मी एकटी. बाकी सगळ्यांनी भावाचे बुरी मासे आणि स्क्विड वाटून घेतले होते, मला गेंगे मिळाला. दोघी एकाच रीतीच्या बळी, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला काम मिळाल्याचा आनंद होता. हा मासा खातो काय, हे शोधायचं होतं. मी निवडणीच्या शेडमध्ये निरोप धाडला: चाळीस गेंगे पाठवा.

आले. बांबूच्या हिरव्या पानांवर ओळीनं मांडलेले, मिठानं चोळून साय काढलेले, धुतलेले आणि पोट साफ केलेले. चाळीसच्या चाळीस. रश्श्यात टाकायला तयार.

मी बर्फातून सायकल हाणत खाली गेले. टेबलाची मुख्य तोने ओकुबो नावाची बाई होती. आवाज असा की भोंग्याची गरज नव्हती. मी म्हटलं, पोट का काढलं? ती म्हणाली, केंद्रातल्या बाईंना घाण पाठवायची का?

"मला घाणच हवी आहे," मी म्हटलं.

टेबलावरच्या सगळ्या बायका हसल्या. एक सोडून. ती वाकली, माफी मागितली आणि पुन्हा कापायला लागली. तीच शिगे.

दुसऱ्या खेपेला साय होती, पोटं पुन्हा रिकामी. आता मात्र माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खेपेला मी निरोपच पाठवला नाही. पहाटेच शेडमध्ये जाऊन तिच्या शेजारी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले आणि बघत राहिले.

बाकीच्या बायका बोट घालून एका ओढीत सगळी आतडी बाहेर काढत आणि बादलीत फेकत. शिगे तसं करत नव्हती. ती पोट उघडायची. आत काळं अस्तर असतं. हा मासा चमकणारे जीव गिळतो, त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून ते काळं, असं म्हणतात. त्या काळ्यातून ती कोथळा सोडवायची, त्याला सुरीच्या टोकानं उभी चीर द्यायची, करंगळीनं आतलं पसरायची, बघायची. मग बादलीत. मग पुढचा मासा. मोजून पाहिलं तर बाकीच्या एकेकीचे तीन होत तेव्हा हिचा एक होई.

तोने ओरडली, "शिगे, मासा कापतेस की कुणाची पत्रं उघडतेस?"

हे रोजचं असावं, कारण कुणी मान वर केली नाही. मला मात्र भलताच आनंद झाला. पदवी घेऊन मी जे करणार होते ते ही बाई न शिकता करत होती, आणि माझ्याहून सफाईनं. मी मोठ्यानं विचारलं, शाळेत हुशार पोरीला विचारावं तसं, "शिगे-सान, तुम्ही आत काय शोधता?"

 शिगेनं सुरी पुसली, पाटी दुसरीकडे सरकवली आणि बाहेर गेली.

तोनेनं मला दंडाला धरून बर्फाच्या खोलीमागे नेलं आणि तिच्या भाषेत चार गोष्टी सुनावल्या. मी शिकलेली असेन, पण मला डोळे नाहीत, ही त्यातली सौम्य. मग सांगितलं. शिगेचा नवरा तामेजी नऊ वर्षांपूर्वी रांजणावर कोळंबीची जाळी ओढायला गेला होता. वादळात नव्हे. इथली माणसं वादळात जात नाहीत. उत्तरेकडे लांब कुठे तरी वादळ होऊन जातं, इथे वारा पडतो, आभाळ निवळतं, माणसं बाहेर पडतात आणि मग त्या वादळाची लाट एकटीच येते. होडी सापडली, तामेजी नाही. ज्या घरचा माणूस रांजणातून परत आला नाही, त्या घरात रांजणाच्या तळाचा गेंगे शिजत नाही. तो तळाशी पडलेलं सगळं खातो म्हणून. शिगेच्या घरी नऊ वर्षं शिजला नव्हता. आणि रीतीप्रमाणे पाटी मात्र तिच्याच पुढे.

"काय शोधते ते आम्हाला माहीत आहे," तोने म्हणाली. "आम्ही विचारत नाही. ओरडतो. ओरडणं वेगळं."

मला कानकोंडं झालं, हे कबूल करते. पण नुसतं शरमून बसायचा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भिंग, दोन चिमटे आणि पांढऱ्या मातीच्या बशा घेऊन मुरोयांच्या दारात उभी राहिले. सासूनं, साकी तिचं नाव, दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, बशांकडे पाहिलं आणि आत जाऊन शिगेला सांगितलं की कुणी तरी भांडी विकायला आलीये.

मी शिगेला म्हटलं की मी चुकले. आणि म्हटलं की तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघता, मी भिंगानं बघते, एकत्र बघू. काय निघेल ते निघेल, मी काही लपवणार नाही. तिनं माझ्या हातातल्या बशा घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवल्या. मग म्हणाली, "बटण."

तामेजीच्या जाड कोटाला पाच बटणं होती. चार हरणाच्या शिंगाची. पाचवं हरवलं म्हणून तिनं आपल्या माहेरच्या कोटाचं, अक्रोडाच्या लाकडाचं, शिवून दिलं होतं. जाताना तोच कोट त्याच्या अंगात होता.

तो सगळा हिवाळा ती निवडणीचं काम संपवून वर केंद्रात यायची. गमबूट दाराशी काढायची आणि मोज्यांवर माझ्या खोलीत बसायची. मी कोथळे सोडवून बशीत घालायची, ती चिमट्यानं एकेक कण वेगळा करायची. पंधरा दिवसांत तिला सगळं ओळखता यायला लागलं. पाण्यातले बारीक, उड्या मारणारे किडे, कोळंबीचे डोळे, स्क्विडची चोच. पुस्तकातली नावं तिनं पाठ केली नाहीत, आपली ठेवली. एका जातीच्या कुबड्या किड्याला ती 'सासूबाई' म्हणायची. वहीत मला ते नाव चोरून, कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावं लागे, नाही तर केंद्रप्रमुखांनी विचारलं असतं की सासूबाई बत्तीस म्हणजे काय.

बटण निघालं नाही. सहाशे बारा कोथळे.

फेब्रुवारी संपत आला होता. त्या दिवशी तिनं चिमटा खाली ठेवला.

"बाई, खरं सांगा. हा माणूस खातो का?"

मी तिला माशाचा जबडा भिंगाखाली दाखवला. दात बघा, वाळूसारखे बारीक. याला तोडता येत नाही, चावता येत नाही. जे तोंडात मावेल ते तो अख्खं गिळतो.

"मी दात नाही विचारले."

मी तेव्हा सव्वीसचीही नव्हते. 'नाही, शिगे-सान, मुळीच खात नाही' एवढं म्हटलं असतं तर ती घरी जाऊन झोपली असती. पण मी लपवणार नाही म्हणून शब्द दिला होता आणि मला खोटं नीट बोलता येत नाही. मी म्हटलं, मोठं काही तळाशी पडलं तर हा त्याला तोंड लावू शकत नाही. ते बारीक जीव खातात. किडे खातात. कोळंबी खाते. मग हा त्यांना खातो.

"कोळंबी," ती म्हणाली. "कुठली?"

"रांजणातली."

"आपली? विकायची?"

"आपलीच."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आपण हिला मारलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मी उठले. ती रडत नव्हती, हसत होती. तोंडावर हात धरून, मग हात सोडून.

"म्हणजे सगळ्या तोयामानं खाल्लं माझ्या नवऱ्याला," ती म्हणाली. "भाव देऊन खाल्लं. आणि मी एकटी उपाशी."

 ती पुढे सांगत राहिली, हसत, डोळे पुसत. नव्या वर्षाच्या ताटात घरातली सगळ्यात मोठी कोळंबी सासूबाई दर वर्षी तिलाच वाढायच्या. बिचारी विधवा सून म्हणून. नऊ वर्षं तिनं ती डोक्यासकट चोखून खाल्ली होती. गेंगे मात्र शिवायचा नाही. रीत घालून देणाऱ्यांनी बरोबर तोच मासा सोडला होता, जो सोडल्यानं कुणाचं काही जात नव्हतं. कोळंबी सोडायची म्हटलं असतं तर बंदर ओस पडलं असतं.

"तामेजीला कोळंबी फार आवडायची," ती शेवटी म्हणाली. "फिटंफाट."

बशीत न चिरलेले सहा गेंगे उरले होते. हाडं उकळायच्या पातेल्यात मी कोम्बूचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा टाकला, केंद्राच्या शेगडीवर पाणी ठेवलं. साय काढू का विचारलं तर ती म्हणाली, राहू दे, आता काय लाजायचं. गेंगे रश्श्यात शिजतो तेव्हा त्याची साय काचेसारखी होते आणि घशातून खाली गेला कधी ते कळत नाही. शिगेनं एक वाटी प्यायली. थांबली. दुसरी प्यायली.

"चव काहीच नाही की हो याला," ती म्हणाली. "एवढ्यासाठी नऊ वर्षं."

तिसरी वाटी घेतली तेव्हा ती रडली, पण थोडंच, आणि ते मी बघितलं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

महिन्याभरानं मुरोयांच्या घरी गेंगे शिजला. साकीनं पहिली वाटी देवघरात मुलाच्या फोटोपुढे ठेवली आणि म्हणाली म्हणे, आता तूही खा, तुझ्या घरचंच आहे. सुनेचा विनोद सासूला आधीच कळला होता, ह्याचं शिगेला नवल वाटलं. मला नाही वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आयुष्य तिथेच थांबत नाही आणि माझी चार पानं संपत आली. शिगे टेबलावर भराभर कापायला लागली. तोनेला करमेना. ओरडायला कारणच उरलं नाही. गेंगे सुकवायची तिची एक पद्धत होती: तोंडातून बांबूची काडी घालून, सावलीत, डोंगरातल्या वाऱ्याकडे पाठ करून. बोटाएवढा होईपर्यंत सुकलेला तो मासा निखाऱ्यावर धरला की त्याला जी चव येते ती ताज्याला सात जन्मांत येत नाही. वीस वर्षांनी तोक्योची माणसं त्याला सहज हाती न लागणारा मायावी मासा म्हणून शोधत आली तेव्हा शिगे मला म्हणाली, "बाई, आपण दोघी काय वाईट होतो? आपल्याला कुणी मायावी म्हटलं नाही." तोनेनंतर टेबलाची मुख्य तीच झाली. पहिल्याच दिवशी तिनं गेंगेची पाटी सरकवायची रीत मोडली. पाटी फिरती केली, एकेका दिवशी एकेकीपुढे, आणि पहिला दिवस स्वतःकडे घेतला. माझ्या निबंधात मदतनीस म्हणून तिचं नाव घालायला केंद्रप्रमुख तयार नव्हते. मी तीन वर्षं भांडले आणि घातलं. ते पान तिनं भिंतीला लावलं. उलटं. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, मागच्या बाजूला माशाचं चित्र जास्त चांगलं होतं म्हणून.

आता तुझ्याकडे वळते, शिगे.

रश्श्याच्या त्या संध्याकाळी वाट्या धुताना तू विचारलंस, तिथे खाली गार किती असतं? मी म्हटलं, एक अंश, बारा महिने. तू म्हणालीस, म्हणजे त्याला हिवाळा वेगळा लागत नाही. मी म्हटलं, नाही. मग तू हात पुसत म्हणालीस, "एकदा हात घालून बघायचाय मला त्या पाण्यात. तुम्ही बोटीतून पाणी काढता ना बाटलीनं. थोडं आणा."

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, वर येईतो कोमट होतं ते, काही उपयोग नाही. प्राणिशास्त्राची पदवी. अक्कल इतकीच.

वसंतात तू स्टेशनाजवळच्या दुकानातून थर्मास आणलास. लाल चौकड्यांचा, बुचाचा. मला शिकवत नव्हतीस, नुसता टेबलावर ठेवून गेलीस. मी लाजले आणि पुढच्याच फेरीला तो बोटीवर नेला. समुद्र खवळला, रांजणापर्यंत गेलोच नाही. दुसऱ्या फेरीला बाटलीची दोरी तुटली, बाटली खाली राहिली. तिसऱ्या फेरीला मला बोट इतकी लागली की कप्तानानं त्यात आल्याचा चहा भरून दिला आणि मी तो प्यायले. मग तो चहाचाच झाला. मग मला खुर्ची मिळाली, बोटीवर तरुण माणसं जायला लागली. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला ते सांगायची लाज वाटली: एक निवृत्तीला आलेली शास्त्रज्ञ बाई घरगुती थर्मासात एक अंशाचं पाणी मागते, कशासाठी, तर हात घालायला.

तू पुन्हा मागितलं नाहीस. दर नव्या वर्षाला यायचीस, सुकवलेले गेंगे द्यायचीस आणि निघताना गमबूट चढवता चढवता विचारायचीस, "थर्मास बरा आहे ना, बाई? चहा गरम राहतो?" मी म्हणायची, राहतो. तू म्हणायचीस, "छान. चांगल्या दुकानातला आहे."

शेजारच्या गावात आता नळ टाकून खोल पाणी वर आणतात आणि लोक ते तापवून त्यात बसतात. ते आपल्या रांजणाचं नाही, मी धरत नाही.

केंद्रात सध्या एक तरुण बाई आहे. गेंगेवरच काम करते, माझ्या जुन्या वह्यांसाठी महिन्यातून एकदा फोन करते. 'सासूबाई बत्तीस' म्हणजे काय, हे तिनं विचारलं, मी सांगितलं. हसली. तिची बोट दर मंगळवारी रांजणावर जाते. प्रत्येक फोनला मी ठरवते की आज म्हणायचं. मग ती म्हणते, ठेवू का बाई, आणि मी म्हणते, ठेव.

थर्मास खिडकीत आहे. बूच वाळून सैल झालंय, ते बदलायला हवं.